पाच अंशांचा जिव्हाळा

ही हकिगत १९७८ सालची. साल माझ्या पक्कं लक्षात आहे, कारण त्या वर्षी आमच्या ठकीचे पुढचे दोन दात पडले आणि ह्यांच्या कार्यालयात कुटुंबातला जिव्हाळा मोजायला सुरुवात झाली.

आमचे हे वजनमापे कार्यालयात निरीक्षक होते. वाण्याचा तराजू, दूधवाल्याचं माप, कापडवाल्याची मीटरपट्टी तपासायची. बरोबर असेल तर शिक्का मारायचा, खोटी असेल तर जप्त करायची. चौदा वर्षं हेच केल्यामुळे त्यांचा स्वभावही तसाच झाला होता. चहात साखर किती घातली, असं त्यांनी विचारलं तर "दीड चमचा" असं सांगावं लागे. "अंदाजानं" म्हटलेलं त्यांना चालत नसे.

घरात आम्ही चौघं. हे, मी, सात वर्षांची ठकी आणि सासूबाई. सासूबाईंनी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात सव्वीस वर्षं पुठ्ठे कापले होते, तेही पट्टी न लावता. त्यांनी सुरी ओढली की पुठ्ठ्याला सरळ जाण्यावाचून गत्यंतर नसे. घरातल्या फाटक्या वह्या, उसवलेल्या पिशव्या, डगमगणारे चौरंग त्यांच्या हातातून गेले की शहाण्यासारखे वागू लागत. आमच्याकडे विकत आणलेल्या वस्तू कमी होत्या, आणि त्याचं आम्हाला तेव्हा काही विशेष वाटत नसे.

त्या वर्षी वरून हुकूम आला की लांबच्या विभागात एक निरीक्षक पाठवावा. लांबचा विभाग म्हणजे आगगाडीनं दोन दिवस, पुढे दिवसभर बस, आणि त्याच्या पुढचं कुणी विचारू नये. मुदत तीन वर्षं, कुटुंब नेण्याची सोय नाही. साहजिकच कार्यालयातल्या अकराच्या अकरा निरीक्षकांनी अर्ज दिले, की आपण गेलो तर घर मोडेल.

मोठे साहेब न्यायी गृहस्थ होते. कुणावर अन्याय होऊ नये म्हणून ते तीन दिवस विचार करत बसले आणि चौथ्या दिवशी त्यांनी परिपत्रक काढलं. जे कुटुंब मुळात एकजिनसी आहे, त्याचीच ताटातूट होऊ शकते. जे एकजिनसी नाही, त्यातला एक माणूस लांब गेल्यानं कुटुंबाचं अथवा कार्यालयाचं काही नुकसान संभवत नाही. सबब, प्रत्येक निरीक्षकानं कुटुंबातील सर्व सदस्यांनी एकत्र बसून स्वहस्ते तयार केलेली एक टपाल ठेवण्याची पुठ्ठ्याची पेटी महिनाअखेर सादर करावी. सोबत तपशीलपत्रक जोडावं. कुटुंबप्रमुखाचा वाटा पस्तीस टक्के, पत्नीचा तीस, अपत्यांचा वीस, वृद्धांचा पंधरा. बेरीज शंभर भरलीच पाहिजे.

"माझे पंधराच का रे?" सासूबाईंनी विचारलं.

"वृद्धांना पंधराच ठेवलेत, आई."

"बरं. मग पंधरा टक्के झाले की सांग, मी उठते."

त्या उठल्या नाहीत, हे सांगायला नकोच. मी कणकेची खळ शिजवली. ह्यांच्याकडे दाबून धरायचं काम होतं आणि तेही त्यांना चुकतच होतं, म्हणून ठकी त्यांच्या बोटांवर आपली बोटं ठेवून दाबत होती. सासूबाई कापत होत्या, घडी घालत होत्या, मधूनच ठकीच्या हातात सुरी देऊन तिचं मनगट धरत होत्या. "मनगट हलवायचं नाही, खांदा हलवायचा," असं सांगत होत्या. ठकी पडलेल्या दातांतून हसत होती. रविवारची सगळी दुपार त्यात गेली. त्या दुपारी आमच्या घरात कुणी कुणाला काही मोजून दिलं नाही. बाहेरून निळं कापड, आतून फुलाफुलांचा कागद, झाकण असं बसत होतं की लावताना आतली हवा उसासा टाकून बाहेर पडे.

ती पेटी नापास झाली.

शेरा मी स्वतः वाचला. "चारही कोपरे तंतोतंत नव्वद अंशांचे आढळले. घरगुती कामात असे होत नाही. वस्तू बाजारातून आणल्याचा दाट संशय." नापास होणारी ती एकटीच नव्हती, पण पास झालेली मात्र एकच होती. ती होती ह्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या निरीक्षकांची. ते तराजू तपासत म्हणून सगळे त्यांना तराजूवाले म्हणत. त्यांची बायको आठ महिन्यांपूर्वी माहेरी गेली होती आणि परतण्याचं नाव घेत नव्हती. तराजूवाल्यांनी जेवणाच्या सुट्टीत कार्यालयातला डिंक आणि एक जुनी फाईल घेऊन एकट्यानंच पेटी ठोकून काढली होती. ती एका बाजूला कलली होती, झाकण लागत नव्हतं आणि डिंक सगळीकडे ओघळला होता. मोठ्या साहेबांनी ती हातात घेऊन चारही बाजूंनी फिरवून पाहिली. मग म्हणाले, "याला म्हणतात घर."

पुढच्या आठवड्यात सगळ्यांच्याच पेट्या वाकड्या होऊन आल्या. काहींच्या तर इतक्या, की टेबलावर ठेवल्या की चालू लागत. मोठे साहेब पुन्हा विचारात पडले. अखेर हे वजनमापे कार्यालय होतं. इथे कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय सोडायची पद्धत नव्हती. दुसरं परिपत्रक निघालं. पेटीचा कल किमान तीन आणि कमाल सात अंश असावा. तीनपेक्षा कमी असल्यास वस्तू विकतची समजावी, सातपेक्षा जास्त असल्यास हेतुपुरस्सर. पाच अंश हे आदर्श प्रमाण. शिवाय दर्शनी भागावर बारा वर्षांखालील अपत्याचा डिंकाने उमटलेला निदान एक ठसा असावा.

आता घरात बसून नेमका पाच अंशांचा कल आणायचा म्हणजे काय खायचं काम आहे? माणसं कोनमापक घेऊन बसू लागली. बायको धरतेय, नवरा मोजतोय, पोराच्या बोटाला डिंक लावून त्याला दम दिला जातोय, असं घरोघर सुरू झालं. एका निरीक्षकाच्या बायकोनं मला भाजीच्या दुकानात सांगितलं की त्यांच्याकडे ह्या पेटीपायी चार दिवस अबोला आहे. पेटी मात्र सव्वापाच अंशांवर आलीय, असंही ती म्हणाली.

लोकांची ही अडचण ओळखून कोपऱ्यावरच्या वह्या-पेन्सिलवाल्यानं तयार पेट्या ठेवल्या. डावीकडे कललेल्या वेगळ्या, उजवीकडे कललेल्या वेगळ्या. ठसे तीन मापांत: वय चार, वय सात, वय दहा. गिऱ्हाइकाला तो आधी घरी मुलं किती असं विचारी आणि मग फळीवर हात घाली. आणि वस्तू मापाची असल्यामुळे विक्रीपूर्वी कार्यालयाचा शिक्का घेणं त्याला कायद्यानं भागच होतं. तेव्हा प्रत्येक पेटीच्या तळाला शिक्का आला: "घरगुती. कल प्रमाणित." पुढे कार्यालयाशी संबंध नसलेली माणसंही भेट द्यायला त्या नेऊ लागली. हे शिक्के मारण्याचं काम मोठ्या साहेबांनी आमच्या ह्यांच्याकडेच दिलं. रोज चाळीस पेट्या मोजून हे घरी येत आणि जेवणाआधी दोनदा हात धूत.

पुढच्या महिन्याअखेर दहा पेट्या पास झाल्या. उरले आम्ही.

ह्यांनी फेरतपासणीचा अर्ज केला. मोठे साहेब न्यायी होते असं मी म्हटलंच आहे. ते कोनमापक घेऊन स्वतः आमच्या घरी आले. मी चहा दिला. त्यांनी आमची पेटी पुन्हा मोजली, झाकण दोनदा उघडून लावलं, आणि एक क्षण असं वाटलं की त्यांना ते तिसऱ्यांदाही करावंसं वाटतंय. मग त्यांनी सासूबाईंना प्रात्यक्षिक करायला सांगितलं. सासूबाईंनी पुठ्ठा घेतला, सुरी ओढली. साहेबांनी मोजलं.

"आजी, जरा वाकडं कापून दाखवता का? थोडंसंच. मुलाच्या बदलीचा प्रश्न आहे."

सासूबाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं. पुन्हा सुरी ओढली. सरळ. मग पुठ्ठा तिरका धरला. सुरीनं आपली आपण वाट सुधारून घेतली. डाव्या हातानं कापलं, तेही सरळ. शेवटी त्यांनी डोळे मिटले. त्या डोळे मिटून कापत असताना खोलीत कुणी हललं नाही, साहेबांनी कपसुद्धा बशीत ठेवला नाही. त्यांनी डोळे उघडले आणि काप बघून पुठ्ठा खाली ठेवला.

"हात ऐकत नाही रे माझा," त्या ह्यांना म्हणाल्या.

मग ठकी पुढे झाली. मी कापते म्हणाली. मनगट न हलवता, खांदा हलवून, जीभ दातांच्या फटीतून बाहेर काढून तिनं कापलं. साहेबांनी दोनदा मोजलं. दोन अंश. त्यांना मनापासून वाईट वाटलं. मुलीत चांगली क्षमता होती, ते म्हणाले, पण आजींच्या सहवासानं ती कमी झाली आहे. तसा शेराही त्यांनी लिहिला.

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरून पेटी आणली. हो, मीच आणली. तीन वर्षं नवऱ्यावाचून काढायची होती, तत्त्वाला काय करायचंय? डावीकडे कललेली, ठसा वय सात. सासूबाईंनी ती उलटीसुलटी करून पाहिली, कापाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"हा आमच्या कारखान्यातल्या बुटक्याचा हात आहे," त्या म्हणाल्या. "चांगला कारागीर होता. असं वाईट करायला त्याला किती त्रास पडला असेल."

मग त्यांनी पेटी ह्यांच्यापुढे सरकवली. "दे हीच. शिक्का तुझाच आहे खाली. काय बिघडतं?"

ज्या बाईनं सव्वीस वर्षांत एक वाकडा काप दिला नव्हता, ती हे सांगत होती. मला वाटलं, हे ऐकतील. ह्यांनी तपशीलपत्रक काढलं, पेनचं टोपण काढलं. कुटुंबप्रमुख पस्तीस, पत्नी तीस, अपत्ये वीस, वृद्ध पंधरा, असं सगळं छापलेलंच होतं. फक्त "सदर वस्तू आम्ही सर्वांनी एकत्र बसून तयार केली आहे" या ओळीखाली सही करायची होती. त्यांनी टोपण परत लावलं.

"वाण्याचं माप पाच ग्रॅम कमी भरलं तर मी तराजू उचलून आणतो," ते म्हणाले. "माझी बॅग भर."

आगगाडी सकाळची होती. ठकी स्टेशनवर रडली नाही. तिनं फक्त त्यांची बोटं दाबून धरली होती, खळ वाळेपर्यंत धरतात तशी.

त्यानंतर कुणाचं काय झालं ते सांगते. ह्यांनी तीन वर्षांत एकशे छप्पन्न पत्रं लिहिली. आठवड्याला एक, मोजून. ती सगळी त्या नापास पेटीत आहेत आणि झाकण अजून उसासा टाकतं. ते परत आले तेव्हा ठकीला सगळे दात आले होते, आणि पहिले दोन दिवस ती त्यांना अहोजाहो करत होती. सासूबाई त्यानंतर दीड वर्ष होत्या. शेवटपर्यंत पुठ्ठा समोर आला की हात आवरत नसे. तराजूवाल्यांची बायको परत आलीच नाही, पण कागदोपत्री त्यांचं कुटुंब कार्यालयात सर्वांत एकजिनसी राहिलं. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं पुढे तीन दुकानं काढली. मोठे साहेब निवृत्त झाले तेव्हा विभागातला जिव्हाळा शंभर टक्के झाल्याबद्दल त्यांचा सत्कार झाला, आणि भेट म्हणून त्यांना एक पेटी देण्यात आली. आमचे हे जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्यांचा कोनमापक माझ्याकडे आहे.

गेल्या महिन्यात मला ऐंशी वर्षं पूर्ण झाली. ठकी, जावई आणि नातवंडं आली आणि माझ्या हातात एक पेटी ठेवली. "आजी, आम्ही सगळ्यांनी मिळून घरी केली," नात म्हणाली. जराशी कललेली, समोर एका चिमुकल्या बोटाचा ठसा. मी कौतुक केलं, सगळ्यांचे मुके घेतले. ठकी माझ्या नजरेला नजर देत नव्हती. मंडळी गेल्यावर मी कोनमापक लावून पाहिला. पाच अंश. मग तो जागच्या जागी ठेवला आणि कुणाला काही बोलले नाही.

तुम्हालाही कुणीतरी दिलीच असेल, किंवा तुम्ही कुणाला. उलटी करून तळाचा शिक्का बघायला हरकत नाही. फक्त आधी आतली पत्रं काढून ठेवा. आत काही नसेल, तर मग उलटी करायचीही गरज नाही.