हिराचं वेगळं ताट

आम्ही नवराबायकोने मिळून केलेली शेवटची साधी गोष्ट म्हणजे पेण स्टेशनच्या बाकड्यावर बसून रोह्याच्या गाडीची वाट बघणं. हिरा पाय हलवत बसली होती. मांडीवर तिची कापडी पिशवी. पिशवीत स्टीलचं ताट, दोन वाट्या, पेला, पळी आणि भाकरीचा डबा. एवढा संसार घेतल्याशिवाय माझी बायको उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसे. लग्न असो, बारसं असो, कुणाचं बारावं असो. लोक आहेराचं पाकीट घेऊन निघतात, ही भांडी घेऊन निघायची. त्या दिवशी मात्र पिशवीतलं एकही भांडं खरकटं झालं नव्हतं.

"उगाच वागवली पिशवी," ती म्हणाली.

"मी सांगत होतो, नको घेऊ."

"तुमचं काय. तुमी वरातीत पण दोन ताटं जेवाल."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. आता ती कशी होती ते सांगायला बसलोय. गुणगान करणार नाही. बाई फार डोकं खायची.

तिला गहू चालत नव्हता. आवडत नव्हता असं नाही, पोटात गेला की आतडं सोलून निघाल्यासारखं व्हायचं आणि दोन दिवस ती भिंत धरून चालायची. आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. हिरा माझं नाव चारचौघांत खुशाल घ्यायची, पण गव्हाचं घ्यायची नाही. "त्यो हाय का यात?" असं विचारायची. दुकानात, लग्नाच्या मांडवात, जत्रेत कुल्फीवाल्याला. एकदा एका नव्या दुकानदाराने माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "मावशी, ते काय उभे." हिरा म्हणाली, "त्यो न्हवं रं. ह्यो मला पचतो."

दुखणं कळायला निम्मं आयुष्य गेलं. आम्ही खाडीकडची माणसं. मी पेणच्या बाजूला मिठागरावर राबलो. तिथे दोन्ही वेळा भात आणि तांदळाची भाकरी, त्यामुळे तिचं दुखणं झाकलेलं राहिलं. मग मिठाने पाय फाटले, रोह्याला कंपनीत हेल्पर लागलो आणि वरसे गावात घर केलं. तिथे आम्ही सुधारलो. सकाळी चहाबरोबर पाव, डब्यात चपाती, संध्याकाळी बिस्कीट. जितके सुधारलो तितकी ती वाळत गेली. रक्ताच्या गोळ्या झाल्या, जंताच्या झाल्या, भगताचा अंगारा झाला. मूल राहायचं आणि जायचं. मग राहायचंही थांबलं.

म्हातारपणाला टेकलो तेव्हा पेणच्या एका डॉक्टरीण बाईंनी रक्त तपासायला लावलं, पनवेलला पाठवून घशातून नळी घालून आतडं बघायला लावलं, आणि सांगितलं, याला सिलियाक म्हणतात. गहू बंद. रवा, मैदा, शेवया, पाव, जव, सगळं बंद. जन्मभर.

"जन्मभर म्हंजे माझ्या का गव्हाच्या?" हिराने विचारलं.

बाई हसल्या. म्हणाल्या, याला गोळी नाही, न खाणं हेच औषध. हिरा बाहेर येऊन मला म्हणाली, "एवढी फी घेतली नि भात खा म्हनून सांगितलं. ह्ये माझी आई फुकट सांगत व्हती."

पण चपलांत पाय घालता घालता ती पुन्हा आत गेली आणि बाईंना विचारून आली, पोरं जायची ती ह्याच्यापायीच का. बाई म्हणाल्या, असू शकतं, नक्की सांगता येत नाही. परतीच्या एसटीत ती रामवाडीपासून नागोठण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

त्यानंतर मात्र ती जी सुटली ती सुटलीच. भात खाणं सोपं, गहू चुकवणं कठीण. तो कुठेही दडून बसतो. गिरणीवाल्याला ती म्हणायची, "आधी माझं ओंजळभर तांदूळ दळ नि ते पीठ कोंबड्यांना टाक. मंग बाकीचं दळ." गिरणीवाला म्हणायचा, "काकी, कोंबड्यांना झालं तुमचं दुखणं तर?" ती म्हणायची, "मंग त्यांना पण पेनला नेईन. तू दळ."

सगळ्यात वाईट हिंग. बाजारातल्या डबीतलं हिंग निव्वळ नसतं, त्यात गव्हाचं पीठ मिसळतात. हे तिला कळलं त्या दिवशी तिने डबी उकिरड्यावर टाकली आणि हात कोपरापर्यंत धुतले. तेव्हापासून आमच्या घरात हिंग नाही. तिचं नाक असं तयार झालं की तीन घरं पलीकडे कुणी फोडणी दिली तरी ती सांगायची, "पाटलीन आज डाळीत हिंग घालते हाय."

सत्यनारायणाला आणखी मजा. प्रसादाचा शिरा ती दोन्ही हातांत घ्यायची, कपाळाला लावायची आणि माझ्या तळव्यावर ठेवायची. बायका म्हणायच्या, बघा कसा जीव टाकते नवऱ्यावर. तिच्या त्या जिवापायी माझं पोट सुटलं. ज्यांना दुखणं ठाऊक नव्हतं ते म्हणायचे, ही सोवळं पाळते, आमच्या हातचं हिला चालत नाही. हिरा समजावत बसायची नाही. "लोकांना म्हनू द्या. लोकांचं पोट दुखत नाय, माझं दुखतं."

एका घराचं मात्र तिला लागलं. तिच्या माहेरचं.

तिचा धाकटा भाऊ नामदेव पेणला रामवाडीत राहतो. त्याने नवं घर बांधलं, वास्तुशांत केली. त्याच्या बायकोने, शालूने, पुरी-भाजी आणि शिरा सगळं स्वतः केलं होतं. पंगत बसली. हिराने पुढ्यातलं पान बाजूला सारलं, पिशवीतून आपलं ताट काढलं आणि डब्यातली भाकरी वाढून घेतली. शालू पुरी वाढायला वाकली होती, ती तशीच राहिली.

"ताई, माझ्या घरचं अन्न काय विष हाय?"

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, पोट बिघडलंय गो. हिरा म्हणाली, "मला व्हय. विषच."

खरं तेच बोलली. पण भर पंगतीत, यजमानिणीच्या तोंडावर. शालूने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. तेव्हापासून येणंजाणं तुटलं. भाऊबीजेला नामदेव एकटा यायचा, ओवाळून घ्यायचा, चहा पिऊन निघायचा. हिरा त्याला शालूचं विचारायची नाही. तो गेला की ताम्हण घासत मला म्हणायची, "माह्यारला आता माझं ताट कोन मांडनार नाय."

तिला सोनंनाणं नको होतं, काशी नको होती. माहेरी सगळ्यांच्या ओळीत बसून, माहेरच्या ताटात, दुसरीने वाढलेलं जेवायचं होतं. ते मागायला तोंड नव्हतं, कारण तोंडानेच घालवलं होतं.

मग या वर्षी शालूच्या शेजारच्या एका मुलीला हेच दुखणं निघालं. शालूने त्या लेकराचे हाल डोळ्यांनी बघितले आणि एका संध्याकाळी फोन केला. "ताई, रविवारी जेवायला या. मी त्या पोरीच्या आईला सगळं विचारलंय. तवा नवीन आनलाय. तांदूळ घरी जात्यावर दळलेत. तुमची पिशवी आनू नका."

हिराने फोन ठेवला आणि पिशवी भरली. "सवय हाय," म्हणाली.

गेलो. दोघी दारात एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. हिरा म्हणाली, "बारीक झालीस गो." शालू म्हणाली, "तुमी झालात." झालं, एवढ्यावर मिटलं. बायकांचं भांडण वर्षानुवर्षं चालतं आणि चार शब्दांत मिटतं, हे मला कधी समजलं नाही.

ओळीने चार ताटं मांडली होती. भात, वरण, वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, पोह्याचे पापड. शालू प्रत्येक पदार्थाला बोट लावून सांगत होती, ह्यात नाय, ह्यात पण नाय. वाढून झाल्यावर ती स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिली आणि हिराच्या हाताकडे बघत राहिली.

हिराने वरणाची वाटी उचलली. नाकाशी आली आणि थांबली. ते थांबणं मी ओळखतो. आता वाटी खाली येणार, आता ही काहीतरी बोलणार, आणि पुन्हा सगळं मोडणार. मी घास हातात धरून बसलो.

हिराने वरण भातावर ओतलं, कालवलं आणि जेवली. भात संपत आल्यावर ताट पुढे केलं.

"शालू, वरान घाल गो अजून. आईच्या हातची चव हाय."

स्टेशनच्या बाकड्यावर मी तिला विचारलं, "हिंग होतं ना?"

"व्हतं."

"मग गिळलंस कशाला?"

"सकाळपासून राबली ती. दारात उभी राहून माझा घास मोजत व्हती."

"उद्या लोळशील."

"उद्याचं उद्या." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तिला बोललात तर बघा."

सोमवारी सकाळी पोट धरून पडली होती. ते नेहमीचं, मी पेज करून दिली. दुपारी म्हणाली, छातीत आवळतंय. छातीच्या गोळ्या तिला आधीपासून चालू होत्या. रिक्षाने रोह्याच्या दवाखान्यात नेलं. तिथून तिला आडवीच परत आणली.

डॉक्टरला मी सरळ विचारलं, काल हिंग खाल्लं त्याने गेली का. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "नाही बाबा. हृदय बंद पडलं. ते कधीचं थकलेलं होतं. कालच्या जेवणाने काही झालं नाही." मी पुन्हा विचारलं. ते पुन्हा तेच म्हणाले.

संध्याकाळच्या आत सगळं उरकलं. नामदेव आणि शालू पेणहून आले. शालू आली ती भिंतीला लागून बसली. रडली नाही. शेजारणींनी पिठलं-भाकरी आणली, तिने हात लावला नाही. पाणी दिलं, तेही तसंच राहिलं. नामदेव म्हणाला, "काय तरी घाल तोंडात," तर मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हाही ती तिथेच. नामदेव बाहेर गेला होता. ती म्हणाली, "दाजी, मी मारलं ताईंना."

मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

"सगळं जपलं. फोडनी देताना सवयीने हिंगाच्या डबीला हात गेला. पडल्यावर ध्यानात आलं. तवर तुमी दारात. दुसरी डाळ शिजवायला येळ नव्हता, आनि सांगितलं तर ताई पिशवी उघडतील, पुन्ना तसंच व्हईल, म्हनून बोलले नाय. म्हटलं, चिमूटभर हाय."

मी तिला डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. दोनदा विचारलं, दोनदा तेच म्हणाले, हेही सांगितलं. ती मान हलवत राहिली. तिला ते पोचत नव्हतं. मग मी बायकोची आज्ञा मोडली. पहिल्यांदा नाही मोडली, पण या वेळी ओरडायला ती नव्हती.

"तिला ठाव होतं," मी म्हटलं. "वाटी नाकाशी आली तेव्हाच कळलं तिला. तीन घरं पलीकडचं हिंग ओळखायची ती."

शालूने वर बघितलं. "मंग जेवल्या कशाला?"

"तू वाढलं होतंस म्हणून."

"पुन्ना मागून घेतलं त्यांनी."

"व्हय."

मग ती रडली. मी तिथे बसून राहिलो नाही. सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत, चहा शेजारून येतो. मी गॅस पेटवला. पेज तेवढी येत होती, चहा मी जन्मात केला नव्हता. साखर कुठल्या डब्यात ते ठाऊक नव्हतं, म्हणून ओळीने डबे उघडत गेलो. तांदूळ, वाल, मीठ, तांदळाचं पीठ, मग साखर सापडली. कप भरून शालूच्या पुढे ठेवला आणि समोर बसलो. ती कपाकडे बघत राहिली. शेवटी उचलला आणि एक घोट घेतला.

"साखर लय झाली, दाजी."

"झाली असेल. पी."

ती सगळा प्यायली. उठून कप धुतला आणि पालथा घातला. मग मी जाऊन दार उघडलं. बाहेर भेटायला माणसं येऊन उभी होती.