गोलकीपरच्या गुडघ्याचा अभिषेक

बर्फावरच्या हॉकीची ती हिंदीत डब केलेली मालिका नंदीशने तीन भाग पाहून सोडून दिली. त्याच्या आईने, चंद्रव्वाने मात्र धरली. बाहेर सोलापुरात पारा बेचाळीसवर आणि टीव्हीत पोरं बर्फावर घसरतायत, एवढं कारण सुरुवातीला पुरेसं होतं. मग तिचा जीव गोलकीपरमध्ये अडकला. बाकीचे भिरभिरत, एकमेकांना धडका देत. हा एकटा जाळीपुढे उभा, येईल ते अंगावर घेत. नवरा गेल्यापासून बारा वर्षं तिने तरी दुसरं काय केलं होतं?

अकराव्या भागात त्याचा गुडघा मोडला. सोमवारी सकाळी चंद्रव्वा गल्लीतल्या महादेवाच्या देवळात अभिषेकाला हजर.

"कुणाच्या नावानं?" पुजारी शरणप्पांनी विचारलं.

इथे पंचाईत झाली. त्या पोराचं नाव तिच्या जिभेवर बसत नव्हतं, आणि देवापुढे टीव्हीतला माणूस सांगायचा तरी कसा? घरचं नाव दिलं तर देव समजून घेईल, पुढे पोचवेल, असं तिला वाटलं.

"नंदीश," ती म्हणाली. "गुडघा मोडलाय. लवकर उभा ऱ्हाऊ दे."

देवाने समजून घेतलं असेलही. शरणप्पांनी मात्र जसंच्या तसं घेतलं आणि हळहळत जवळच्या वळसंग गावी मेहुण्याला फोन केला. मेहुण्याचं घर शंकरप्पांच्या घराला लागून. आणि शंकरप्पांच्या धनलक्ष्मीशी नंदीशचं जमत आलं होतं. तेहतिशी गाठलेल्या नंदीशला होकाराच्या इतक्या जवळ आलेलं हे पहिलंच स्थळ.

संध्याकाळी शंकरप्पा दारात. सोलापुरातच शाळेवर शिकवणाऱ्या लेकीला वाटेत सोबत घेऊन आलेले.

"पोरगं कुटं हाय, अक्का?"

"हितंच की. आत्ताच आलाय बँकेतनं."

"जरा जिना चढून दावा म्हनावं."

नंदीश काही न कळता चढला, उतरला. "परत," शंकरप्पा म्हणाले. तिसऱ्या खेपेला तो धापा टाकत पायरीवरच बसला.

"गुडघा तर बरा दिसतोय," शंकरप्पा विचारात पडले. "पर मग दम कशानं लागतोय? काय लपवताय, अक्का?"

खरं सांगावं तर आई खुळी ठरणार, न सांगावं तर पोरगा आजारी. चंद्रव्वाने खुळेपण पत्करलं. टीव्ही लावून तिने गोलकीपर दाखवला.

"ह्याच्यासाठी केला अभिषेक. नाव तेवढं घरचं घातलं."

"टीव्हीतल्या मानसासाठी?"

"व्हय. त्याला तितं कोन हाय? आईबी दावली न्हाय अजून."

"अव्वा," पायरीवरून नंदीश कळवळला, "म्हणून माझा गुडघा मोडलास?"

"तुजा धड हाय, म्हनून तर नाव दिलं की."

शंकरप्पांनी टोपी नीट केली. "इचार करून कळवतो. चल, धनू."

या वाक्याचा अर्थ चंद्रव्वाला आठ स्थळांपासून पाठ होता. तिने मान खाली घातली.

धनलक्ष्मी उठली नाही. तिची नजर पडद्यावर होती. मग तिने चंद्रव्वाकडे पाहिलं.

"अप्पा, कळवायला कशाला जायचं? मला पसंत आहे."

नंदीश पायरीवरून धडपडत उठला, शर्ट नीट करू लागला.

"तुम्ही बसा हो," ती म्हणाली. "मी सासूबद्दल बोलतेय. तुमचं बघू हळूहळू."