तीस पिशव्यांचा ठराव

एखादं काम एकच माणूस मुकाट्यानं आणि व्यवस्थित करत असेल, तर त्यावर लक्ष ठेवायला निदान चार माणसं लागतात, हे सर्व सुसंस्कृत समाजांनी मान्य केलेलं तत्त्व आहे. आमचं घर सुसंस्कृत आहे. त्यामुळे बाळ घरी आल्यापासून पंधरा दिवसांच्या आत आमच्याकडे दूध समिती स्थापन झाली.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. आमचं बाळ साडेचार महिन्यांचं आहे. ते आईचंच दूध पितं, पण अंगावर पीत नाही. माझी बायको यंत्र लावून दूध काढते आणि ते बाळाला बाटलीनं पाजलं जातं. दिवसातून आठ वेळा, दर वेळी पंचवीस मिनिटं. म्हणजे रोजचं तीन तास वीस मिनिटं नुसतं बसून राहणं (हा हिशेब आत्यांचा, ‘नुसतं’ हा शब्दही त्यांचाच). शिवाय यंत्राचे सात सुटे भाग प्रत्येक वेळी धुवायचे, उकळायचे, वाळवायचे. या कामात माझाही सहभाग असतो. भाग वाळले का, हे मी रोज न चुकता विचारतो.

समितीचे अध्यक्ष माझे वडील. ते पाणीपुरवठा खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले असून पंप या विषयात घरात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. उपाध्यक्ष आत्या, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहीण, ज्या बाळाला बघायला चार दिवसांसाठी आल्या आहेत (सध्या पाचवा महिना). सदस्य माझी आई. कार्यवाह मी. बायकोलाही समितीवर घ्यावं असा विचार एकदा पुढे आला होता. पण सभा नेमक्या ती यंत्रावर बसलेली असतानाच भरत, कारण तेवढ्याच वेळात तिच्याबद्दल मोकळेपणानं बोलता येई. ती एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. नमुना कसा घ्यावा, कसा ठेवावा, केव्हा बाद करावा, हे रीतसर शिकलेली घरात ती एकटीच. पण ते रक्ताचं झालं.

बाबांनी पहिल्याच सभेत विषयाची उगम, साठवण, वितरण आणि गळती अशी चार भागांत विभागणी करून दिली. उगमावर चर्चा सुरू झाली तसे सगळे छताकडे बघायला लागले. सासऱ्यानं सुनेबद्दल काय आणि कसं बोलायचं, हा पेचच होता. तेव्हा उगमाला यापुढे ‘मुख्य केंद्र’ म्हणावं असं ठरलं आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. त्यानंतर बाबा सकाळी चहा पिताना खुशाल विचारत, मुख्य केंद्राचा दाब आज कसा आहे? कोणालाही लाजल्यासारखं होत नसे. मुख्य केंद्र समोरच्या खुर्चीवर बसून चहा पीत असे.

चार महिन्यांत समितीच्या एक्केचाळीस सभा झाल्या. बायकोला एकूण दोनशे बारा सूचना करण्यात आल्या. पैकी एकमेकींच्या विरुद्ध एकशे नव्वद. अमलात आणण्याजोग्या तीन, आणि त्या ती आधीपासूनच पाळत होती. मध्यंतरी एकदा दूध अचानक निम्म्यावर आलं. आत्यांचं म्हणणं पडलं, मोबाइल बघत बसते म्हणून. आईला वाटलं, कसला तरी धसका घेतला असेल. बाबांनी दाराबाहेरून यंत्राचा आवाज ऐकला आणि थोडं तेल सोडून बघायची तयारी दाखवली. बायकोनं यंत्र उघडलं, फाटलेली रबराची झडप काढून नवी बसवली आणि संध्याकाळपर्यंत दूध पहिल्यासारखं झालं. त्या दुपारी तिनं मोबाइल हातात घेतला नव्हता, सबब हे यश आत्यांच्या नावे नोंदवण्यात आलं.

आता मुख्य प्रकरणाकडे वळतो. बायकोची वरिष्ठ तंत्रज्ञ पदाची परीक्षा होती. दोन दिवस, दुसऱ्या शहरात. ही परीक्षा तीन वर्षांतून एकदा होते. गेल्या खेपेला बाबांच्या आजारपणात ती घरी राहिली होती (त्याबद्दल समितीनं तिचं कौतुक केलं होतं, म्हणजे समिती असती तर केलं असतं). या वेळी मात्र काय वाट्टेल ते झालं तरी जायचंच, असं तिनं मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना तिनं माझ्या हातातला पेपर काढून घेतला होता.

अडचण दुधाची होती. बाळाला रोज साडेसातशे मिलिलिटर लागतं आणि तिला मिळतं आठशे. रोजचे वरचे पन्नास ती छोट्या पिशवीत भरायची, पिशवीवर तारीख घालायची आणि फ्रीजरमध्ये आडवी ठेवायची. असे तीस दिवस, तीस पिशव्या. ताप आला त्या दिवशीही. पाहुणे आले त्या दिवशीही. दोन दिवसांचं दूध बरोब्बर जमलं, एक थेंब कमी नाही की जास्त नाही. तिसावी पिशवी ठेवल्यावर तिनं फ्रीजरचं दार लावलं आणि त्या दाराला पाठ टेकून जरा वेळ उभी राहिली. इतकी खुशीत मी तिला किती तरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

निघायच्या दिवशी ती शेवटचं दूध काढायला आतल्या खोलीत गेली आणि बाबांनी तातडीची सभा बोलावली. वितरणापूर्वी साठ्याची तपासणी झालीच पाहिजे, हा त्यांच्या खात्यातला अलिखित कायदा. एक पिशवी नमुना म्हणून घेऊ, असं मी सुचवलं. त्यावर बाबा हसले. एका टाकीवरून सगळ्या गावाचं पाणी पास करणारा एक कनिष्ठ अभियंता त्यांच्या हाताखाली होता आणि त्याचं पुढे काय झालं, हे त्यांनी आम्हाला सविस्तर सांगितलं. मग तीसच्या तीस पिशव्या काढून मोठ्या पातेल्यात कोमट पाण्यात सोडल्या.

दूध वितळलं आणि सगळ्यांचे चेहरे पडले. प्रत्येक पिशवीत दोन थर होते. वर पिवळट, जाडसर, खाली पांढुरकं पाणी. आत्यांनी एक पिशवी उघडून नाकाशी नेली. साबणासारखा वास येत होता. आत्यांनी दूध नासल्याचं जाहीर केलं. ज्या द्रवाचे दोन थर होतात तो पिण्यास अयोग्य, असा बाबांनी निर्वाळा दिला. आईनं मात्र, निदान तिला एकदा विचारू या का, असा मुद्दा मांडला. मुद्दा रास्त होता. पण समितीचा नियम क्रमांक चार आडवा आला: ती यंत्रावर असताना दार वाजवू नये, कारण मनाला त्रास झाला की दूध कमी येतं. हा नियम तिनंच मागून घेतला होता. तिच्याच सोयीचा नियम आम्ही कसा मोडणार? शिवाय नासलेलं दूध पाहून बिचारीच्या जिवाला किती लागेल, हाही विचार होताच. तिच्या डोळ्यांना ते दिसूच नये म्हणून ती बाहेर यायच्या आत साठा नष्ट करावा, असा ठराव चार विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला.

कात्री मी धरली होती. आई पिशवी देत होती, मी कोपरा कापत होतो, बाबा मोरीत ओतत होते आणि आत्या मोजत होत्या. सहा मिनिटांत काम संपलं. चौघांनी मिळून इतक्या एकजुटीनं केलेलं आमच्या घरातलं हे पहिलंच काम.

बायको बाहेर आली तेव्हा तिच्या हातात नुकत्याच काढलेल्या दुधाची बाटली होती. तिनं मोरीकडे पाहिलं, रिकाम्या पिशव्यांकडे पाहिलं. बाबांनी तिला दोन थरांविषयी समजावून सांगितलं. आत्यांनी वासाविषयी सांगितलं. ती ऐकून घेत होती.

“हलवायचं असतं,” ती म्हणाली. “वरचा थर म्हणजे साय. पिशवी हलवली की मिसळते. आणि वास गोठवल्यामुळे येतो.”

मग ती तिथेच जमिनीवर बसली आणि रडली. मला फार वाईट वाटलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. समितीलाही एकंदर वाईट वाटल्याची नोंद आहे. दुःखाचा भर ओसरल्यावर बाबांनी व्यवहार्य तोडगा काढला, की बाळाची आबाळ होऊ नये म्हणून या वेळी तिनं परीक्षा सोडावी. तीन वर्षं काय, बघता बघता जातात. यावरही मतदान झालं आणि निकाल मघासारखाच लागला.

बायको उठली. तोंड धुतलं. ताजी बाटली फ्रीजमध्ये ठेवली, यंत्र पिशवीत भरलं, बाळाचा पापा घेतला आणि त्याला माझ्या हातात दिलं.

“डब्याचं दूध आणा,” ती म्हणाली. “पाणी मोजून घाला. बाबा आहेतच.”

ती गेली. बाळानं पहिली बाटली संपल्यावर डब्याच्या दुधाला दहा मिनिटं तोंड वाकडं केलं, मग प्यायलं आणि झोपलं. त्याला काही झालं नाही. बाबा दोन दिवस चमच्यावरची पावडर सुरीच्या पात्यानं सपाट करत बसले होते. बाळाला बघायला येणारे डबा बघत, चुकचुकत आणि आई कुठे गेली म्हणून विचारत. खरं काय ते सांगायचं तर घरातल्या थोरांची शोभा झाली असती. म्हणून बेचाळिसाव्या सभेत एकच अधिकृत उत्तर ठरवण्यात आलं: पुरेसं दूध न ठेवता आई परीक्षेला गेली. विधान शब्दशः खरं आहे. ती गेली तेव्हा घरात पुरेसं दूध नव्हतं. परीक्षेहून परतल्यापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. भाग वाळले का, असं मी विचारलं तर उत्तर येत नाही.

आता तुमच्याविषयी. दुसऱ्या परिच्छेदापासून तुमच्या मनात एक प्रश्न घोळतो आहे, हे मला दिसतं आहे. तीस पिशव्या मोरीत गेल्या तेव्हाही तो गेला नाही, उलट जरा जोरातच आला: पण मुळात ती अंगावर का पाजत नाही? पाजलं असतं तर पुढचं रामायण घडलंच नसतं. त्याला कारण आहे. तिला ते माहीत आहे, डॉक्टरांना माहीत आहे आणि त्या दोघांचं समाधान झालेलं आहे. मी ते इथे लिहिणार होतो. पण ते कळण्याची वाट न बघता तुम्ही मत बनवून मोकळे झाला आहात, आणि आम्हाला नेमकी अशाच माणसांची गरज असते. आत्या पुढच्या आठवड्यात स्वतःच्या घरी जाणार आहेत. उपाध्यक्षपद रिकामं होतं आहे. अर्ज करण्याची आवश्यकता नाही, आपली निवड झालेली आहे.