शारजाहून येणारं विमान

विमानतळालगतच्या कोण्डोट्टीच्या कदियुम्माला विमानांचं सगळं कळतं. शारजा ते कोळीकोड सत्तावीसशे किलोमीटर, चार तास! विचारा कुणालाही!

तिचा एकुलता एक जमशीर तीन वर्षांनी येत होता. सून कोळीकोड शहरातल्या कुट्टिचिराची, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे जावई सासुरवाडीतच राहतो. विमानतळावरून सासरचे त्याला परस्पर उचलत, आणि आईला तो पाहुण्यासारखा तासभर भेटे. या वेळी पहिला घास आपल्याच घरी भरवायचा, असं कदियुम्माने ठरवलंच होतं. तिने पहाटे उठून तांदळाच्या पातळ पत्तिरी लाटल्या, कोंबडीचा रस्सा केला. एकटीच्या घरात इतका खमंग वास तिलाच परका वाटला.

"एकला निघणार. एक आणि चार, पाच. तिकडचं घड्याळ दीड तास मागे, म्हणून दीड वजा. साडेतीन!" तिने रिक्षावाल्या सुकुमारनला बजावलं. "व्याही सहाला उगवतील. तोवर पोरगा जेवून ढेकर देईल!"

दीड तास वजा नव्हे, मिळवायचे होते. पण कदियुम्माला कोण सांगणार?

साडेतीनला खरंच एका विमानाचे लोक बाहेर पडले. जमशीर नाही. त्याचा फोन बंद.

"पळवला!" कदियुम्मा किंचाळली. "फोनही विहीणबाईंनीच बंद केला! सुकुमारन, कुट्टिचिरा!"

"उम्मा, विमान उशिरा—"

"तू हॅंडल धर!"

कुट्टिचिराच्या बोळात व्याह्यांची गाडी विमानतळावर निघायच्या बेतात होती. सुकुमारनची रिक्षा बरोबर तिच्या तोंडाशी अडकली, आणि वर बंदही पडली.

"माझा मुलगा बाहेर काढा!" कदियुम्मा आत शिरली. तिने खोल्या पाहिल्या, पलंगाखाली वाकून पाहिलं.

"अहो, तो अजून आभाळात आहे!" विहीण सारुम्मा कळवळून म्हणाली.

"मला शिकवू नका! सत्तावीसशे किलोमीटर!"

अर्धी गल्ली जमली. तिला हिशेब पटेपर्यंत आणि रिक्षा ढकलून बाजूला होईपर्यंत साडेसात वाजून गेले. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"उम्मा! मला न्यायला कुणीच आलं नाही गं! म्हटलं, बरंच झालं, आधी तुझ्याकडे जाऊ. दारात उभा आहे. आत काय शिजवलंयस? बाहेरपर्यंत वास येतोय! तू आहेस कुठे?"

कदियुम्माने कमरेची किल्ली चाचपली.

"तुझ्या सासरी," ती कशीबशी म्हणाली. "तू थांब, मी निघालेच—"

"तिथे? अरे वा! मग तू कशाला येतेस? मीच येतो तिकडे!"

फोन बंद झाला. सारुम्माने तिच्यासाठी खुर्ची पुढे केली. "बसा ना," ती म्हणाली. "पाहुण्यासारख्या उभ्या का?"