मस्कतच्या शाळेसाठी मोकळी केलेली भिंत

परदेशात नोकरी एकट्या माणसाला मिळते, पण लेकराला तिथली शाळा मिळायची तर सगळं घर पास व्हावं लागतं. हे तत्त्व ज्यांना ठाऊक नाही, ते लोक अजूनही जन्माचा दाखला घेऊन शाळेत जातात आणि प्रवेश घेऊन दुपारच्या जेवणाला घरी येतात. अशा मुलांचं पुढे काय होतं याचा कुणी अभ्यास केलेला नाही. (त्यांतलीच काही पुढे परदेशात नोकरीला जातात.)

हिंगोलीच्या बंडोपंतांना हे तत्त्व कारकुनीतून निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं. त्यांचा मुलगा अनिरुद्ध पुण्याहून मस्कतला निघाला होता. पुण्याचा फ्लॅट सोडलेला, मस्कतचं घर अजून हाती नाही, म्हणून तो, सूनबाई पद्मजा आणि सात वर्षांची गुंजन मधल्या काळात हिंगोलीला येऊन राहिले होते. कंपनीचा नियम असा होता, की मुलीच्या शाळेचं पत्र आलं तरच कुटुंबाची तिकिटं निघतील. नाही आलं तर अनिरुद्धने एकट्याने जायचं आणि मायलेकींनी वर्षभर हिंगोलीत थांबायचं.

या दुसऱ्या शक्यतेबद्दल बंडोपंतांनी चकार शब्द काढला नाही. फक्त गुंजनला सायकल घेताना त्यांनी जरा मोठ्या मापाची घेतली. (पुढच्या वर्षीही पुरावी म्हणून.)

बंडोपंतांच्या पत्नी द्वारकाबाई चैत्रात गेल्या. त्यानंतर घरात त्यांचं नाव निघत नसे. अनिरुद्ध काढत नसे, कारण बाबांना त्रास होईल. पद्मजा काढत नसे, कारण अनिरुद्धला त्रास होईल. बंडोपंत काढत नसत, कारण ते दोघं काढत नाहीत. इतक्या शिस्तीचं घर जिल्ह्यात दुसरं नसेल. या शिस्तीत एकटी गुंजन बसत नव्हती. ती सकाळचा पहिला चहा बैठकीतल्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवायची आणि म्हणायची, "आजी, गरम आहे, सावकाश पी." चहा गार झाला की तो बंडोपंत प्यायचे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोचा उष्टा चहा कधी घेतला नव्हता. आता रोज घेत होते.

शाळा निवडण्यासाठी घरात समिती नेमली गेली. अध्यक्ष पद्मजा, सचिव अनिरुद्ध, सदस्य बंडोपंत (मताधिकार नाही). समितीपुढे तीन शाळा होत्या. त्यांची नावं बंडोपंतांच्या जिभेवर बसेनात, म्हणून ते त्यांना घोड्यांची शाळा, पोहण्याची शाळा आणि भावनांची शाळा म्हणत. पहिलीत मुलांना घोड्यावर बसवत. दुसरीत तलाव होता आणि त्या तलावाला वेगळे मुख्याध्यापक होते. तिसरीत पहिला तास "आज मला कसं वाटतंय" या विषयाचा होता. गणित दुपारी होतं, तसं वाटलं तर.

पुसेगावचा शिवहार, शेळ्या-मेंढ्यांचा धंदा करणारा पंतांचा जुना दोस्त, बाजाराला आला की त्यांच्याकडे टेकत असे. त्याने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काहून हो पंत, शाळेत घोडे काहून ठेवले?"

"लेकरं बसतात त्यांवर. अभ्यासाचाच भाग आहे."

"आमची पोरं म्हशीवर बसतेत की. त्येचा दाखला कुटं भेटतो?"

पद्मजाने आतूनच विचारलं, "शिवहारकाका, साखर किती घालू?" याचा अर्थ विषय संपला असा होता.

घोड्यांच्या शाळेत जागा नव्हती आणि पोहण्याच्या शाळेने अर्जाला उत्तर दिलं नाही. त्यामुळे समितीने सखोल विचाराअंती एकमताने भावनांची शाळा निवडली. शाळेने कळवलं, की मुलीची मुलाखत व्हिडिओवर होईल, तीही घरातून, म्हणजे तिचं घरचं वातावरण पाहता येईल.

वातावरणासाठी अनिरुद्धने पुण्याचा एक सल्लागार गाठला. अशा सल्लागारांशिवाय आजवर लाखो मुलं शिकली, पण ती कशी शिकली हे त्यांचं त्यांनाच माहीत. सल्लागाराच्या लेखी सूचना स्पष्ट होत्या. मागची भिंत प्रसन्न व तटस्थ असावी. देवाचं कॅलेंडर, वाळत घातलेले कपडे, हार घातलेल्या तसबिरी आणि अचानक येणारे ज्येष्ठ नागरिक टाळावेत.

घरात चांगल्या उजेडाची भिंत एकच होती. नेट धरून राहायचं तेही तिथंच. आणि तिथंच द्वारकाबाई होत्या.

"बाबा, तासाभराचा प्रश्न आहे," अनिरुद्ध म्हणाला.

"काढ की," बंडोपंत म्हणाले. "मी कुठं नाही म्हणून राहिलो."

तसबीर कपाटात द्वारकाबाईंच्याच लुगड्यांवर ठेवली गेली, म्हणजे तशी ती आपल्या माणसांतच होती. त्याच खिळ्याला जगाचा मोठा नकाशा टांगला. गुंजनने आजीच्या टिकल्यांच्या पाकिटातली लाल टिकली काढून मस्कतवर चिकटवली. खुर्ची हवी होती, म्हणून भिंतीखालची बंडोपंतांची खुर्ची उचलून कॅमेऱ्यापुढे ठेवली. बंडोपंतांना खोकला असल्यामुळे त्यांची बदली स्वयंपाकघरात करण्यात आली.

शिवहार नेमका तेव्हाच आला. त्यालाही ओट्याशी बसवलं.

"शाळा पोरीला बघून राहिली का घराला?" त्याने हळूच विचारलं.

"घराला."

"मंग सोयरीकच की वो. पर आपल्यात पावने आले की म्हाताऱ्याला आदी फुडं बसवतेत, मंग पोरगी दाखवतेत."

"इथं पद्धत उलटी आहे," बंडोपंत म्हणाले आणि खोकला तोंडात दाबला.

मुलाखत चारला सुरू झाली. पडद्यावर दोन बाई होत्या, दोघी सारख्याच हसऱ्या. गुंजनने आवडता रंग सांगितला, आवडता प्राणी सांगितला (शेळी), आणि आज मला छान वाटतंय असंही पाठ केल्याप्रमाणे सांगितलं. सगळं इंग्रजीत. पुण्यात इंग्रजी शाळेत गेलेली पोर ती, अडखळण्याचा प्रश्नच नव्हता. अडखळली असती तर बरं झालं असतं. मग एका बाईंनी सहज विचारलं, घरी कोण कोण असतं?

गुंजनने पाची बोटं दाखवली.

पडद्यावर तर आईवडील धरून तिघंच दिसत होते. बाकीचे दोघं कुठे आहेत, बाईंनी विचारलं.

"आजोबा स्वयंपाकघरात आहेत. ते खोकतात ना. आणि आजी कपाटात आहे."

बाईंचं हसू जागच्या जागी राहिलं. "कपाटात?"

"मम्मी-पप्पांनी ठेवली. मुलाखत झाली की काढणार आहेत. आज तिला चहापण नाही दिला. आत सांडेल म्हणून."

यानंतर जे झालं त्याचा शाळेच्या कार्यक्रमात समावेश नव्हता. पद्मजाने "ॲक्चुअली" असं तीनदा म्हटलं आणि तिन्ही वेळा तिथंच थांबली. दुसऱ्या बाई चष्मा लावून काहीतरी लिहू लागल्या आणि अगदी हळू आवाजात विचारू लागल्या, की गुंजन, तुला या घरात सुरक्षित वाटतं का?

इंग्रजी असलं तरी स्वयंपाकघरात एवढं कळलं, की गाडी रुळावरून घसरली. शिवहारने पंतांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बसा गप. पोरगी ऱ्हाती बगा इथंच."

बंडोपंतांच्याही मनात तेच आलं. काही करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं, आणि बसून राहण्याचा त्यांना सरकारी नोकरीचा दांडगा अनुभव होता. पण बैठकीतून गुंजनचा आवाज आला, आता मराठीत आणि रडवेला: "मी खोटं नाही बोलत. आजोबांना विचारा."

बंडोपंत उठले. कपाट उघडलं, लुगड्यांवरची तसबीर काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि कॅमेऱ्यापुढे जाऊन उभे राहिले.

"ही आमची मंडळी," ते म्हणाले. "चैत्रात गेली. हे लेकरू तिला रोज चहा देतं, नंतर तो मी पितो. पोरगी खरं बोलून राहिली. सांग त्यांना, अनिरुद्ध."

अनिरुद्धने सांगितलं. आई गेल्यापासून तो या विषयावर बोलला तो एवढाच, आणि तोही इंग्रजीत. पडद्यावरच्या एका बाईंनी डोळे पुसले. दुसऱ्या लिहीत राहिल्या, पण आता वेगळ्या गतीने.

आठवड्याने पत्र आलं. त्यात घराची तोंडभरून स्तुती होती. दुःखाकडे इतक्या निरोगीपणे पाहणारं कुटुंब शाळेला फार दिवसांत दिसलं नव्हतं. प्रवेश मंजूर. शिवाय वर्गात एक "आपली माणसं" नावाची भिंत होती, तिथं लावण्यासाठी आजीची तसबीर सोबत आणावी अशी विनंती होती. मूळ तसबीर. नक्कल चालणार नाही, कारण नकलेत भावना उतरत नाहीत, असं शाळेच्या धोरणात नमूद होतं.

पद्मजा पत्र हातात घेऊन दारात आली.

"बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर मी शाळेला तसं कळवते."

"न्या," बंडोपंत म्हणाले. "तिला एकदा विमानात बसायचंच होतं."

गाडी कळमनुरीच्या रस्त्याने नांदेडकडे गेली. तसबीर गुंजनच्या मांडीवर होती आणि खिडकीच्या बाजूने तोंड करून होती. पाच जणांच्या घरातून चार जण परदेशी गेले, म्हणजे घराचा निकाल ऐंशी टक्के लागला. हिंगोलीच्या मानाने हा निकाल उत्तम म्हणावा लागेल. सायकल शिवहारच्या नातीला दिली. तिलाही ती मोठीच होते.

नकाशा बॅगेत मावला नाही, तो राहिला. बंडोपंतांनी आपली खुर्ची पुन्हा भिंतीखाली आणली. रोज सकाळी ते पहिला कप फळीवर, लाल टिकलीच्या बरोबर खाली ठेवतात. गार झाला की पितात. जगाच्या नकाशाला चहा देणारं हे जिल्ह्यातलं बहुधा एकमेव घर आहे, पण त्याची कुठे नोंद झालेली नाही.

ही हकिगत वाचून ज्यांना अनिरुद्ध-पद्मजाचा राग आला असेल, त्यांचं मनापासून अभिनंदन. त्यांनी आता एवढंच करावं. मागच्या खेपेला कॅमेऱ्यापुढे बसताना आपण खुर्ची कुठून उचलली, आणि तोवर तिच्यात कोण बसलं होतं, हे आठवून पाहावं. आठवलं नाही तरी काळजी नको. तुमचा प्रवेश निश्चित समजावा.