घर खाली करा बे!

खोकल्याची उबळ आली की आमच्या शेजारचे वासनिक काका छातीवर दोनदा टकटक करतात आणि ओरडतात, "घर खाली करा बे!" घरात पाहुणा असला तर बिचारा चप्पल शोधू लागतो.

काका कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. छातीत जुनाट जंतुसंसर्ग, वर्षानुवर्षं न हटणारा. एकदा डॉक्टर बोलता बोलता म्हणाले की या जंतूंच्याही आत विषाणू राहतात आणि त्यातले काही जंतूंना आणखी चिवट करतात. झालं! काकांमधला घरमालक पेटला.

"पाह्य गा," ते मला म्हणाले, "छाती माही. जंतू भाडेकरू. अन् त्यानं आतमंधी पोटभाडेकरू ठेवला! मले इचारलं का?"

तेव्हापासून मास्क लावून औषध ओढणं म्हणजे 'नोटीस बजावणं' आणि थुंकीची तपासणी म्हणजे 'मौका पाहणी'. भाजीवालीलासुद्धा हे प्रकरण तोंडपाठ झालं.

पण याच माणसाने वरच्या मजल्यावरचे खरेखुरे भाडेकरू काढले, तेव्हा मला मनापासून राग आला. सावनेरचं साधं जोडपं आणि त्यांची चिमुरडी पिहू. ती काकांना 'खोकूआजोबा' म्हणे आणि त्यांच्यासारखीच छाती ठोकून ओरडे. कारण विचारलं तर काका म्हणाले, "माही मर्जी." खोली मात्र रिकामीच राहिली.

गेल्या आठवड्यात काका फाटकातूनच गरजले, "निंगाले गा, निंगाले! मौका पाहणीत एक जंतू नाही सापडला. पोटभाडेकरूही गेला संगंच!" हातात संत्रा बर्फीचा डबा. मलाही एकदम हलकं वाटलं. बर्फी तोंडात टाकली, तोच ते म्हणाले, "पिहूच्या बापाले फोन लाव. सांग, खोली तशीच हाये."

"मग काढलं काहून त्यांना?"

"लेकरू रोज माह्या मांडीवर येऊन बसे. डॉक्टर म्हणे, धडधाकट पोराले काही होत नाही. पण पोटभाडेकरूचा काय भरवसा गा?" काका डबा बंद करत राहिले. झाकण काही बसेना.

मी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि काका बोलतायत म्हणून सांगितलं. बाप बोलायच्या आधीच पिहूने तो ओढून घेतला. "खोकूआजोबा, ओरडून दाखवा ना!"

काकांनी सवयीने छातीवर टकटक केली. खोकला आला नाही.

"घर..." म्हणाले आणि अडले. मग हळूच म्हणाले, "घर खालीच हाये वं माय. तू ये."