हॅरल्डला कळू द्यायचं नाही!

गुपित ठेवावं तर मीच! असं मी पालक समितीच्या बैठकीत छातीठोकपणे सांगितलं, आणि तिथेच घोळाला सुरुवात झाली.

आमच्या मिनेसोटात बर्फ वितळून चिखल झाला की आभारांचा हंगाम सुरू होतो. एक आठवडा शिक्षकांचा, एक नर्सचा, एक ग्रंथपालांचा. यंदा मी म्हटलं, शाळेची बस चालवणाऱ्या हॅरल्ड लिंडक्विस्टचा आठवडा करू. माणूस सत्तरीकडे झुकलेला, बायको केव्हाच गेलेली. बोलणं दोनच शब्दांचं: "बसा" आणि "उतरा". त्याचे आभार कुणी मानल्याचं कुणालाच आठवेना.

"त्याला कळू द्यायचं नाही! आठवडाभर सगळ्यांनी नुसतं गोड वागायचं. शुक्रवारी शाळेत उलगडा!"

सोमवारी बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येक पोराने त्याला मिठी मारली. मंगळवारी कॅफेवाल्या आर्डिसने त्याच्याकडून कॉफीचे पैसे घेतले नाहीत. ही बाई सख्ख्या भावालाही बिल देते! बुधवारी पाद्रीबाबा त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "हॅरल्ड, तू फार भला माणूस आहेस."

त्याच संध्याकाळी माझी नणंद शर्ली त्याच्याकडे बटाट्याचं हॉटडिश, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेलं भरगच्च जेवण, घेऊन गेली. आमच्याकडे न मागता हॉटडिश दारात येतं ते घरात मयत झाल्यावर! त्यात शर्ली दवाखान्यात फोन घेते, आणि हॅरल्डची वार्षिक तपासणी नुकतीच तिथे झालेली.

"रिपोर्ट आला का गं?" त्याने विचारलं.

गुपिताच्या धास्तीने ती गडबडली. "आत्ता तो विचार नको. पोटभर जेवा तुम्ही!" म्हणाली, आणि डोळे पुसत पळाली. हाताला कांदा लागला होता, असं ती अजून शपथेवर सांगते.

झालं! हॅरल्ड काय समजायचं ते समजला.

गुरुवारी तो मासेमारीची होडी ओढत शेजारच्या ऑरव्हिलच्या दारात उभा. कुणी कुणाच्या दारात बर्फ लोटला, यावरून दोघांचा कित्येक वर्षांचा अबोला!

"घे."

"मला कशाला?"

"मला आता लागणार नाही."

ऑरव्हिलने होडीवर हात ठेवला. "हॅरल्ड, बर्फ मीच लोटला होता रे."

"ठाऊक आहे. मीही लोटला होता."

तिथून तो थेट कॅफेत. टोपी हातात घेऊन, भरल्या कॅफेत म्हणाला, "आर्डिस, मी इथे कॉफीसाठी येत नाही. तुझी कॉफी पाणचट असते."

"मग कशाला येतोस?"

"तुझ्यासाठी. उरलेले दिवस तुझ्याबरोबर काढावेत म्हणतो."

आर्डिस रडली. आणि "हो" म्हणाली!

शुक्रवारी सारं गाव शाळेत जमलं. मी दिमाखात फलकावरचा पडदा ओढला: "आमचे लाडके बसचालक, आभारी आहोत!"

हॅरल्डने फलक सावकाश वाचला. "म्हणजे... मी मरत नाहीये?"

"मरताय कसले!" मागून शर्ली ओरडली. "रिपोर्ट आलाय. घोड्यासारखे ठणठणीत आहात!"

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं! हॅरल्ड मात्र पोरांच्या एका बुटक्या खुर्चीवर टेकला.

"वेंडी, तुझं काही चुकलं नाही," तो म्हणाला. "सगळे एवढं चांगलं बोलायला लागले. मला दुसरं कारणच सुचेना."

मी पडद्याची दोरी हातात धरून तशीच उभी. त्याच्या बसमध्ये माझी तिन्ही पोरं चढली-उतरली, आणि मी मात्र कायम खिडकीतूनच हात हलवला होता.

शेवटी ऑरव्हिल पुढे आला. "होडी परत मिळणार नाही हं. पण रविवारी ये. दोघं जाऊ."

आर्डिस मात्र कमरेवर हात ठेवून हॅरल्डकडे बघत होती.

"हे बघ, मी हो म्हटलं ते दोन-चार महिन्यांच्या अंदाजाने," ती म्हणाली. "आता वीस वर्षांचा मामला असेल, तर मला विचार करावा लागेल!"